वर्गात असून वर्गात नसणं

जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा विषय गावात निघाला की आधी पगार मोजला जातो. मग दिवाळीची सुट्टी, मे महिन्याची सुट्टी, पाचला सुटणारी शाळा. एवढं सगळं असलेल्या माणसाला कसला आलाय ताण, हा प्रश्न त्यापाठोपाठ येतोच. बाहेरचे लोक तो विचारतात तसे निवृत्त शिक्षकही विचारतात, आणि त्यांच्या प्रश्नाला वजन असतं. त्यांनी तेच आयुष्य काढलेलं असतं, बहुतेक वेळा जास्त हालात. म्हणून हा प्रश्न उडवून न लावता त्याला नीट सामोरं जायला हवं. पुढचा संवाद त्यासाठी रचला आहे. गुरुजी आणि बाई ही दोन्ही माणसं कल्पनेतली आहेत. त्यांचं बोलणं मात्र महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्यात शिक्षक एकत्र जमले की कानावर पडतं.

गुरुजी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याचे. १९८२ साली नोकरीला लागले, २०१८ साली केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झाले. बाई त्यांच्याच हाताखाली चौथी शिकल्या. २००९ साली शिक्षणसेवक म्हणून लागल्या आणि तेव्हापासून जव्हार भागात आहेत. त्या लागल्या तेव्हा तो ठाणे जिल्हा होता, २०१४ पासून पालघर झाला. आत्ता त्या मे महिन्याच्या सुट्टीत गावी आल्या आहेत.

गुरुजी : तुझी आई सांगत होती, तू नोकरी सोडायची म्हणतेस. पोरी, लोक सरकारी नोकरीसाठी उंबरे झिजवतात आणि तू हातातली सोडतेस?

बाई : सोडणार नाही, गुरुजी. घराचं कर्ज आहे, मुलांची शिक्षणं आहेत. पण शाळा उघडायची तारीख जवळ आली की पोटात गोळा येतो, हे खरं. पहिली आठ-दहा वर्षं असं कधी झालं नाही. उलट सुट्टीतच मला करमायचं नाही.

गुरुजी : मग आता काय बिनसलं? पट वाढला का? मी एकट्यानं चार वर्ग सांभाळलेत. सत्तरावर पोरं, एक खोली, तीही गळकी. दुष्काळात निम्मी पोरं आई-बापाबरोबर रोजगार हमीच्या कामावर, त्यांना तिथून उचलून आणायचं. मी दमायचो, नाही असं नाही. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की झोप लागायची.

बाई : मला लागत नाही, गुरुजी. फरक तिथंच आहे. माझा पट चाळीससुद्धा नाही. मुलांनी मी दमतच नाही. या जानेवारीतलं सांगते. तिसरीतली एक मुलगी, घरी वारली बोलणारी. दिवाळीनंतर आई-बाप वीटभट्टीवर जातात, की हिची शाळा बंद. या वर्षी घरच्यांच्या मागे लागून मी तिला आजीपाशी ठेवून घेतलं. त्या पोरीनं एका सकाळी अख्खा उतारा न अडखळता वाचला. तिच्या तोंडून असं वाचन ऐकायची केवढी वाट बघितली होती मी! आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? वाचनाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा राहिलाय. मी मोबाईल काढला, म्हटलं परत वाच, मोठ्यानं, इकडे बघून. तिनं वाचलं, मी पाठवला. आनंद झालाच नाही मला. तो झाला नाही हे लक्षात आलं रात्री, आणि मग रडू आलं.

गुरुजी : हं. पोरगं वाचायला लागल्याचा आनंद होत नाही, हे काही बरं नव्हे. पण राग येऊ देऊ नकोस, मी एक विचारतो. केंद्रप्रमुख होतो तेव्हा अशी माणसं मी पुष्कळ बघितली. शाळेत येतात, फळ्यावर तारीख लिहितात, पोरांना पाढे लिहायला सांगतात आणि खुर्चीत बसून राहतात. आम्ही त्याला पाट्या टाकणं म्हणायचो. आता तुम्ही त्यालाच ताण म्हणता का?

बाई : त्यातले काही पहिल्या दिवसापासून तसेच असतील, मी कशाला नाकारू? पण सगळे तसे नव्हते, गुरुजी. ज्यांना तुम्ही खुर्चीत बसलेलं बघितलंत, त्यांतले कितीजण आधी उत्तम शिकवणारे होते, हे आठवून बघा.

बाईंच्या या प्रश्नावर मला इथं थांबावंसं वाटतं, कारण कामानं माणूस आतून विझण्याच्या या विषयाचा जन्मच याच निरीक्षणातून झाला. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात स्वखुशीनं काम करणाऱ्यांबद्दल लिहिलं. सगळ्यांत जीव ओतून काम करणारी माणसंच काही महिन्यांत कशी आतून रिकामी होतात, हे त्याला दिसलं होतं, आणि तो स्वतःही त्यातून गेला होता. पुढे ख्रिस्तिना मास्लाक यांनी सुझन जॅक्सन यांच्याबरोबर १९८१ साली ही अवस्था मोजण्याची प्रश्नावली तयार केली. त्यांनी तिच्या तीन खुणा सांगितल्या. पहिली, भावना आटून जाईपर्यंत आलेला थकवा. दुसरी, ज्यांच्यासाठी काम करायचं त्या माणसांपासून मनानं तुटणं; शिक्षकाच्या बाबतीत मुलांची नावं मागं पडून नुसता पट उरणं. आणि तिसरी, आपल्या हातून काही घडतच नाही ही भावना. यातली दुसरी खूण बाहेरून बघणाऱ्याला आळशीपणासारखीच दिसते. गुरुजींनी पाहिलेल्या खुर्चीतल्या माणसांपैकी किती खरोखर आळशी होते आणि किती विझलेले, हे दारातून डोकावून सांगता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली आजारांच्या आपल्या नव्या वर्गीकरणात, अकराव्या आवृत्तीत, याची दखल घेतली. तिथं याला रोग म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्यानं येणारी, कामाशीच जोडलेली अवस्था, अशी तिची व्याख्या आहे. ही व्याख्या मला महत्त्वाची वाटते. उपाय शोधताना माणसाच्या मनाइतकंच त्याच्या कामाकडे बघा, असं ती सांगते.

गुरुजी : जीव ओतणारा विझतो म्हणतेस, मग साने गुरुजींचं काय? अमळनेरला दिवसभर शाळेत शिकवायचं आणि रात्री छात्रालयातल्या पोरांची सेवा करायची. सावित्रीबाईंचं काय? अंगावर शेण झेलत शाळेत गेल्या. त्यांना कुठं विझायला वेळ होता?

बाई : त्यांचं नाव घेतलंत म्हणून बोलते. साने गुरुजी प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० होते. त्या काळात त्यांनी छात्रालयाचं हस्तलिखित दैनिक काढलं, एकहाती. रोज मुलांसाठी लिहायचं, मुलांनी रोज वाचायचं. काढा असा हुकूम त्यांना कोणी दिला नव्हता. त्याचे फोटो कोणी मागवले नाहीत, किती मुलांनी वाचलं याचा तक्ता कोणी मागितला नाही. आज मला असं दैनिक काढावंसं वाटलं ना, गुरुजी, तर महिन्याभरात तो उपक्रम होईल. मग तो सगळ्या तालुक्याला सक्तीचा होईल, मग त्याची लिंक येईल. त्यांचं काम माझ्याहून कितीतरी जास्त होतं. पण ते त्यांचं स्वतःचं होतं. सावित्रीबाईंनाही काय शिकवायचं, कसं शिकवायचं हे ठरवायचा हक्क होता. त्यांच्यावर शेण बाहेरून पडत होतं, शाळेच्या आत त्या मालक होत्या.

गुरुजी : हक्काबरोबर जबाबदारी येते, तिचं काय? माहिती मागितली म्हणून एवढं आकाश कोसळतं? आम्ही नाही का जनगणना केली, १९९१, २००१, २०११? कुटुंबनियोजनाच्या केसेस आणायच्या, अल्पबचतीचं उद्दिष्ट पुरं करायचं, ते काय शिकवण्यात मोडत होतं?

बाई : नव्हतंच मोडत, आणि तेव्हाही ते चुकीचंच होतं. पण एक सांगा, जनगणना संपली की ती संपायची ना?

गुरुजी : संपायची.

बाई : आता संपत नाही. सकाळी हजेरी वहीत घ्या, मग तीच मोबाईलवर भरा. पोषण आहाराला किती मुलं जेवली, तांदूळ किती शिजला, डाळ किती, ते वहीत आणि मोबाईलवर. चव घेतल्याची नोंद वेगळी. यू-डायस प्लसमध्ये एकेका मुलाची माहिती. आधारमध्ये नाव एक, दाखल-खारिज रजिस्टरला दुसरं, ते जुळवत बसा. आता अपार क्रमांक. शाळेत नेट नाही म्हणून टेकाडावर जाऊन उभं राहायचं. दोनच शिक्षक आहोत, एक टेकाडावर असला की दुसऱ्याकडे चारही वर्ग. त्यात ग्रुपवर मेसेज : 'अत्यंत तातडीचे, दुपारी १२ पर्यंत.' बघायला जावं तर तीच माहिती गेल्या महिन्यात दिलेली असते. आणि रात्री साडेनऊला नावांची यादी येते, माहिती न देणाऱ्या शाळा म्हणून. सगळ्या तालुक्यासमोर.

गुरुजी : शेवटच्या दोन-तीन वर्षांत ते मीही केलं. वरून आलं की खाली ढकलायचं. शाळेला भेट द्यायची म्हणजे पूर्वी मागच्या रांगेत तासभर बसायचं, पोरांच्या वह्या बघायच्या. पुढे पुढे भेट म्हणजे रजिस्टरं तपासणं झालं. पण कायदा आहे ना आता? शिक्षकाला दुसरी कामं देता येत नाहीत म्हणतात.

बाई : आहे. शिक्षण हक्क कायद्याचं सत्ताविसावं कलम. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून दुसरं बिगरशैक्षणिक काम शिक्षकाला द्यायचं नाही. पण निवडणूक या एका शब्दात किती मावतं बघा. मतदानाचे दोन दिवस कोण नाकारतंय? मतदार यादीचं काम मात्र वर्षभर चालतं. त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्येच सांगितलं की ते शिक्षकांकडून सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेर करून घ्या. मुलांचा तास वाचला, चांगलंच झालं. माझा रविवार गेला. त्याच शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचा आठवडा ४५ तासांचा धरलाय, आणि पाठाची तयारीसुद्धा त्यातच. तयारीचे ते तास कुठं गेले, हे मला कोणी दाखवून द्यावं.

बाईंच्या या तक्रारीची दखल अलीकडे फार वर घ्यावी लागली. २०२५ च्या अखेरीस गोव्यासह नऊ राज्यांत आणि तीन केंद्रशासित प्रदेशांत मतदार याद्यांचं विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झालं. घरोघर फिरणाऱ्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांमध्ये, म्हणजे बीएलओंमध्ये, शिक्षक मोठ्या संख्येनं होते. त्यांच्यावरचा भार इतका वाढला की त्याच डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना जादा माणसं नेमायला सांगावं लागलं. महाराष्ट्रात जानेवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षणासाठीच्या सर्वेक्षणात शिक्षक प्रगणक होते. त्याआधी २०२३ मध्ये निरक्षरांच्या सर्वेक्षणावर शिक्षक संघटनांनी बहिष्कार घातला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य शासनानं शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारी करणारा निर्णय काढला. तो वाचायला चांगला आहे. पण तालुक्यातून फोनवर येणारा आदेश कुठल्या वर्गात बसतो, हे विचारायची हिंमत द्विशिक्षकी शाळेतल्या शिक्षकाला कुठून येणार?

गुरुजी : बरं, कामं जास्त आहेत, मानलं. पण दुसरी बाजूही ऐक. सातवा वेतन आयोग आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला थकवा नाही? एसटीच्या कंडक्टरला नाही? आणि विनाअनुदानित शाळांतली पोरं बघ, दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं पगाराविना शिकवतात. 'कायम विनाअनुदानित'मधला 'कायम' शब्द २००९ मध्ये काढला, पण अनुदानाची वाट बघता बघता काहींची निवृत्ती आली. त्यांनी काय म्हणावं?

बाई : त्यांनी माझ्याहून मोठ्यानं बोलावं. मी लागले तेव्हा शिक्षणसेवकाचं मानधन ३,००० रुपये होतं, तीन वर्षं मानधनावरच काढली. म्हणून मला त्यांचं कळतं. नव्या मुलांना आता १६,००० मिळतात. पण गुरुजी, त्या तीन वर्षांत मी विझले नव्हते! खिशात पैसे नव्हते आणि शाळेत जायची घाई असायची. पगार पुरेसा झाल्यावर हे सुरू झालं. मग पगार हे याचं उत्तर कसं असेल? आणि ऊसतोडीच्या बाईचा थकवा खराच आहे. तिच्या मुलाला शिकवणारी बाई विझली, तर त्या ऊसतोडीच्या बाईचंच नुकसान जास्त आहे.

गुरुजी : नुकसानाचं बोललीस ते बरं केलंस. माझं खरं दुखणं तेच आहे. मोठ्या माणसाला वेळ देता येतो, पोराची पहिली-दुसरी परत येत नाही. तुझं मन बरं होईपर्यंत ते थांबणार आहे का? आई-बापांना हे दिसतं. म्हणून पोटाला चिमटा काढून ते इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत पोराला बसवतात. पट घटतो, पट घटला की पद जातं, आणि मग तुम्हीच मोर्चा काढता. मुख्यालयी किती शिक्षक राहतात, सांग मला. आम्ही गावात राहायचो. रात्री पोरं कंदील घेऊन यायची, गावातलं भांडणसुद्धा आमच्याकडे यायचं. तुम्ही साठ किलोमीटरवरून मोटारसायकलीनं येता, म्हणून दमता.

बाई : यातलं बरंच खरं आहे. मी स्वतः गावात राहत नाही, जव्हारला राहते. गावात भाड्याला खोली नाही, माझ्या मुलाला हायस्कूल नाही. नवरा साताऱ्यात. आंतरजिल्हा बदली मागायची तर सेवाज्येष्ठता शून्यावर येते. पण त्याहून जास्त काय लागतं सांगू? घरभाडे भत्त्यासाठी मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव लागतो. सगळ्यांना खरं माहीत असतं. देणाऱ्याला, घेणाऱ्याला, तपासणाऱ्यालाही. तरी कागद होतो. एकदा खोट्या कागदाची सवय लागली की ती तिथं थांबत नाही. पायाभूत चाचणीत माझ्या वर्गातली निम्मी मुलं वजाबाकीत अडकतात. तसं भरलं तर खुलासा मागतात, पुन्हा प्रशिक्षण लावतात. शेजारच्या शाळेनं नव्वद टक्के भरलेलं असतं. मग मीही भरते. त्या दिवशी मी शिकवते ते काय आणि कोणासाठी, असं होऊन जातं. वजाबाकी न येणारं ते मूल समोर बसलेलं असतं, आणि कागदावर त्याला ती आलेली असते. आता त्याला मदत मागायची कोणाकडे? कागदावर ते मूल अडलेलंच नाही.

गुरुजी : मग खरं भरायचं. खुलासा मागतील तर द्यायचा.

बाई : एकटीनं? तुमच्या वेळी खरं बोलणाऱ्या शिक्षकामागं गाव उभं राहायचं. माझ्यामागं कोण आहे? तुमच्यासारखा केंद्रप्रमुखसुद्धा नाही. आमच्या केंद्राचा कार्यभार दुसऱ्या केंद्राच्या साहेबांकडे आहे, ते तरी काय करतील?

माझ्या मते या सगळ्या संभाषणाचा गाभा इथं आहे. मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी १९९७ च्या आपल्या पुस्तकात माणूस आणि त्याचं काम यांत कुठं कुठं फट पडते, याची सहा ठिकाणं सांगितली आहेत : कामाचा भार, कामावरचा आपला ताबा, मोबदला, सोबत्यांचा आधार, न्याय्य वागणूक आणि मूल्यं. आपल्याकडे चर्चा होते ती फक्त पहिल्या आणि तिसऱ्याची, म्हणजे काम किती आणि पगार किती. बाईंना आतून पोखरतंय ते उरलेल्या चारांतून येतं. विशेषतः शेवटच्यातून. ज्या माणसाचा दिवस मुलाला खरं-खोटं शिकवण्यात जातो, त्यानं संध्याकाळी खोटा तक्ता भरायचा, हे फार काळ सोसत नाही. जे सोसतात ते मुलांकडे बघायचंच सोडून देतात. आणि ज्यांना सोसत नाही ते रात्री जागे राहतात.

याचे परिणाम हळूहळू दिसतात. आधी आवाज बसायला लागतो, पित्त वाढतं, डोकं धरतं. मग किरकोळ गोष्टीवरून वर्गात ओरडणं. पुढे घरी स्वतःच्या मुलाचा अभ्यास घ्यायची इच्छा राहत नाही. शिक्षिका असेल तर शाळा सुटल्यावर घरचं काम वाट बघतच असतं, त्याची दखल कोणत्याच तक्त्यात नसते. रजा वाढतात. द्विशिक्षकी शाळेत एकाची रजा म्हणजे दुसऱ्यावर सगळी शाळा, म्हणून तोही लवकर थकतो. देशात एकशिक्षकी शाळाच एक लाखाहून जास्त आहेत. तिथं शिक्षक मनानं गेला की शाळाच गेली.

गुरुजी : मला तुझं पुष्कळसं पटतं, सगळं नाही. व्यवस्था सुधारेपर्यंत तू काय करणार, ते सांग. की तोवर विझलेलीच राहणार?

बाई : तुम्हीच सांगा. तुमची छत्तीस वर्षं झाली.

गुरुजी : मी एक करायचो. दिवसाचा पहिला तास कोणालाही द्यायचो नाही. सभापती आले तरी म्हणायचो, बसा, तास संपू द्या. पोरांना गोष्ट सांगायची, वाचून घ्यायचं, मग बाकीचं जग. तू तो मोबाईल मधल्या सुट्टीपर्यंत कपाटात ठेव. काय कोसळतंय बघू. बारा वाजताची माहिती दोनला गेली तर फाशी नाही देत कोणी.

बाई : नोटीस देतात.

गुरुजी : देऊ देत. 'अध्यापन चालू होते' एवढंच उत्तर लिही. आणि एकटी लिहू नकोस. केंद्रातल्या दहाही शाळांनी मिळून ठरवा. दहा जणांना एकाच कारणासाठी नोटीस काढायला साहेबालाही जड जातं. संघटना बदल्यांसाठी आणि पेन्शनसाठी एकत्र येतात, पहिल्या तासासाठी का नाही येत?

बाई : हे मात्र तुम्ही बरोबर बोललात. आमच्या संघटनांनी अजून हे मागितलेलंच नाही. मी आणखी तीन गोष्टी मागेन. एक, केंद्रावर माहितीचं काम करणारा एक लिपिक. दहा शाळांचे वीस शिक्षक जे तुकड्या-तुकड्यांनी भरतात, ते एक माणूस नीट भरेल, आणि एकदा भरलेली माहिती पुन्हा मागायची नाही. दोन, केंद्रात एक राखीव शिक्षक, कोणी रजेवर गेलं की त्या शाळेत जाणारा. आज मी ताप अंगावर काढते, कारण माझ्या रजेचा भार सोबतच्या सरांवर पडतो. तीन, शिक्षण परिषद पुन्हा शिकवण्याची व्हावी. आम्ही महिन्यातून एकदा जमतो आणि दिवसभर सूचना ऐकतो. तिथं मला उभं राहून सांगता यावं, की माझी निम्मी मुलं वजाबाकीत अडकलीत, तुम्ही काय करता? तेवढं विचारता आलं तरी मी एकटी राहणार नाही.

गुरुजी : आणि गावात राहण्याचं?

बाई : खोली बांधून द्या, राहते.

गुरुजी : तिथं आपलं जुळणार नाही. मी म्हणतो, शिक्षक गावात राहिला की गाव खोली बांधतं.

बाई : बरं, ते राहू द्या. या सगळ्यावर आता ती टीईटी, शिक्षक पात्रता परीक्षा. मी ऑगस्ट २०१० च्या आधी लागलेली, म्हणून मला ती सक्तीची नव्हती. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ज्यांची पाच वर्षांहून जास्त नोकरी उरलीय त्यांनी दोन वर्षांत पास व्हायचं. परीक्षेला माझा विरोध नाही, मुलांना चांगला शिक्षक मिळायलाच हवा. पण इतक्या वर्षांत माझ्या वर्गात बसून, ही बाई शिकवते कशी, हे बघायला कोणी आलं नाही. आता ते कागदावरच्या खुणांवरून ठरणार.

गुरुजी : अभ्यास कर. पास होशील. चौथीत स्कॉलरशिपला तू केंद्रात पहिली होतीस. आणि ते झोपेचं अंगावर काढू नकोस, डॉक्टरला दाखव. आमच्या पिढीनं ते लपवलं. माझ्या बरोबरीचे काहीजण दारूत गेले, त्यांना आम्ही वाया गेले म्हणालो.

गुरुजींच्या या शेवटच्या सल्ल्यात थोडी भर घालतो. कामानं आलेली ही अवस्था रोग नसली, तरी तिच्याआड नैराश्य लपलेलं असू शकतं. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, कशातच रस उरला नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर सुट्टी लागायची वाट बघू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र बोलता येतं, मराठीतूनही.

मोबाईल कपाटात ठेवणं, फिरायला जाणं, पुरेशी झोप घेणं, हे सगळं शिक्षकानं जरूर करावं. पण केवळ तेवढं सांगून हात झटकणं अन्यायाचं आहे. ज्या कामानं माणूस विझतो ते काम तसंच ठेवून त्याला शांत राहायला शिकवणं, याला मी प्रतिबंध मानत नाही. लिपिक, राखीव शिक्षक आणि केंद्रप्रमुखाचं भरलेलं पद, हे खर्चाचे विषय आहेत आणि तो खर्च शासनानं केला पाहिजे. खरी आकडेवारी भरणाऱ्या शाळेला नोटिशीऐवजी मदत पाठवायला तर पैसाही लागत नाही.

आणि पालकांना एक विनंती. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. म्हणजे ही समिती तुमची आहे. जूनमधल्या पहिल्या बैठकीत बाईंना एवढंच विचारा, की मागच्या वर्षी शाळा चालू असताना शिकवणं सोडून दुसरं कोणतं काम तुम्हाला करावं लागलं, आणि किती दिवस. जे उत्तर येईल ते इतिवृत्तात लिहा, ठराव करा आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. शिक्षकानं तक्रार केली तर ती कामचुकारपणात मोजली जाते. पालकांनी केलेला ठराव तसा बाजूला सारता येत नाही.